केळीच्या पानातला दवबिंदू

श्रीकांत सर माझे पीएचडीचे गाईड, पण आमचं कधी पटलंच नाही. असीरगडच्या ओल्या कपारीत मला सापडलेला दवबिंदू तर त्यांच्या डोळ्यांत खुपत होता. पानांवरच्या चिकट थेंबांत किडे पकडून खाणारं हे झाड. पानं सारखी दिसतात म्हणून ते जमिनीला चिकटून वाढणाऱ्या चपट्या दवबिंदूचं भावंड, असं सर म्हणत. मी म्हणे, नुसत्या रूपावरून नातं कसं ठरेल? डीएनएचा क्रम लावून बघू. माझा अख्खा प्रबंध त्यावरच उभा होता.

पहिल्यांदा मी माती खाल्ली. आमच्याकडे ओली वस्तू केळीच्या पानात बांधतात, मी झाडही तसंच बांधून लॅबला पाठवलं. चिकट पानांना केळीचा चीक लागला आणि लॅबनं कळवलं, ही तर केळ आहे.

"किडे खाणारी केळ!" सर स्टाफरूममध्ये टेबल बडवून हसले. "बाजारात भाव चांगला येईल हां, रजनी!"

दुसऱ्यांदा मी पानं धुऊन, कोरडी करून पाठवली. उत्तर आलं, हे झाड चपट्याचं जवळचं कोणी नाही, उंच वाढणाऱ्या दवबिंदूचं सख्खं आहे. चपटेपणा त्यानं वेगळा, आपला आपण कमावलेला. मी नाचायचीच बाकी होते.

सरांनी कागद बाजूला सारला. "तुझ्या हाताचा भरोसा नाही भई. उद्या पपई निघेल. प्रबंधात हे मी जाऊ देणार नाही."

माझं टाळकं सरकलं. सगळ्या स्टाफसमोर मी म्हणाले, "मग तुम्हीच चला गडावर! तुमच्या हातानं तोडा, तुमच्या हातानं पाठवा. मी बोटसुद्धा लावणार नाही."

शेजारच्या कमल मॅडमनी माझी ओढणी ओढली. "चूप बस ना, रजनी." मी कसली बसते!

सर धापा टाकत चढले. पानं तोडली, धुतली, पाकिटावर सही ठोकली. मी मिजाशीत कडेला उभी. निकाल माझ्यासारखाच आला, अक्षर न् अक्षर. सरांनी कागद घडी करून खिशात घातला. मला वाटलं, जिरली एकदाची.

पुढे जर्नल छापून आलं. तेच झाड, तेच नातं, आणि लेखक एकटे श्रीकांत सर. मी तरातरा त्यांच्या केबिनमध्ये शिरले.

"माझं नाव कुठंय, सर?"

त्यांनी शांतपणे चहा संपवला. "नमुना कोणी तोडला, सगळा स्टाफ गवाह आहे. आणि छापून आलेलं पुन्हा प्रबंधात चालत नाही. दुसरा विषय शोध."