नमुन्यादाखल तीन प्रश्न

मित्रांनो, मी एक जुना पुठ्ठा आहे. तळहाताएवढा, प्लास्टिकच्या आवरणात बंद. माझ्यावर ठळक अक्षरांत लिहिलंय, 'प्रश्न विचारणारा'. नाव मोठं, लक्षण खोटं, अशी माझी गत झाली आहे.

चौथीच्या बाईंनी एका रविवारी स्वयंपाकाच्या ओट्यावर आम्हा पाच भावंडांना कापलं. सारांश सांगणारा, अवघड शब्द शोधणारा, चित्र काढणारा, वेळ सांभाळणारा आणि मी. पाच मुलांच्या गटाने एकच पुस्तक वाचायचं आणि त्यावर बोलायचं. प्रत्येकाच्या हाती एक काम, म्हणजे कोणी नुसतं बसून राहणार नाही. कल्पना चांगलीच होती. पण बाईंनी माझ्या पाठीवर तीन प्रश्न लिहिले : मुख्य पात्र आवडलं का? शेवट बदलाल का? काय शिकलात? वर 'नमुन्यादाखल' असंही लिहिलं. तेवढा एक शब्द आजवर कोणीच वाचला नाही!

सहा वर्षं तेच तीन प्रश्न. ज्वालामुखीच्या पुस्तकावरही एकाने विचारलं, "मुख्य पात्र आवडलं का?"

"आवडलं, पण फार तापट होतं," दुसरा म्हणाला.

बाईंनी विचारलं की गट ओरडायचा, "तिन्ही झाले!" बाई शाबासकी देऊन पुढे जायच्या. मी मात्र चरफडत राहायचो.

यंदा वर्गात चिमणी आली. आवाज बारीक, म्हणून हे नाव. ती चित्रं छान काढते, त्यामुळे दर आठवड्याला तिच्या गळ्यात चित्राचंच काम. मला पळवायचा तो साहेब. गटावर हुकूम गाजवतो म्हणून सगळे त्याला साहेब म्हणतात. वाचून दाखवायचे तीन प्रश्न, म्हणजे माझं काम सगळ्यांत सोपं ना!

एकदा गोष्ट होती एका आजोबांची. नातवाचा कुत्रा मरतो आणि आजोबा त्याला सांगतात, तो पळून गेला. चिमणीने हात वर केला.

"मला एक विचारायचंय."

साहेबाने मला तिच्या नाकासमोर नाचवलं. "तू चित्र काढ. प्रश्न माझ्याकडे आहेत."

प्रश्न विचारायला जन्मलेला मी, आणि तिला गप्प करायला माझाच वापर! मला लाज वाटली, संतापही आला. चिमणीने मान खाली घातली. तास संपल्यावर पुठ्ठे गोळा करताना तिने हिरव्या मार्करने माझ्या पाठीवर चौथा प्रश्न लिहिला.

पुढच्या आठवड्यात पुस्तक होतं मुंग्यांचं. साहेबाने सवयीने तिन्ही प्रश्न वाचले आणि त्याच दमात चौथाही वाचून टाकला. "खरं कळल्यावर नातू आजोबांवर पुन्हा विश्वास ठेवेल का?"

"मुंग्यांचे आजोबा?" गट खो-खो हसू लागला. आवाज ऐकून बाई आल्या.

"तो माझा प्रश्न आहे," चिमणी म्हणाली. "मागच्या गोष्टीतला."

"अगं, मग तेव्हाच का नाही विचारलास?"

"माझ्याकडे चित्राचं कार्ड होतं, बाई."

साहेब माझ्याकडे बघतच राहिला.

"माझं मांजर पण पळून गेलं, असं बाबा म्हणाले होते," तो हळूच म्हणाला. "मी अजून त्यांच्याशी नीट बोलत नाही."

कोणी हसलं नाही. चिमणी त्याच्या शेजारी सरकली, आणि तेवढ्यात घंटा झाली.

मित्रांनो, जो प्रश्न साहेबाला सगळ्यांत जास्त हवा होता, तो त्याने स्वतःच आठ दिवस अडवून धरला, तोही माझ्या जोरावर. याचा राग अजून माझ्या मनातून जात नाही. मी पुठ्ठा आहे हो, पहारेकरी नाही. शेजारच्याचा हात वर गेला, तर आधी त्याचं ऐका. मला खुशाल खाली ठेवा.