शेंदराखालची पायली

मित्रांनो, माझ्या अंगावरचा शेंदूर कुणी खरवडला, तर आत एक जुनी पायली सापडेल. पायली म्हणजे धान्य मोजायचं लाकडी माप. हल्ली लोक मला बघून हात जोडतात, म्हणून आधीच सांगते, मी देव नाही.

माझा जन्म कर्जतला, सहदेव सुताराच्या पडवीत झाला. तेव्हा दूर कुठे साहेबाची लढाई चालली होती आणि तांदूळ महाग झाला होता. ठाकूरवाडीच्या बायका डोंगरातला हिरडा बाजारात आणायच्या, बदल्यात तांदूळ न्यायच्या. दुकानदाराकडे मापं दोन. हिरडा घ्यायचं मोठं, तांदूळ द्यायचं बुटकं.

मारुतीच्या देवळातल्या भजनी मंडळाचे आबाजी हे रोज बघत. एके दिवशी ते दर्ग्याची देखभाल करणाऱ्या दाऊदमियाँ गाडीवानांकडे गेले.

दाऊदमियाँ म्हणाले, “तुमच्या देवाला तेल लागतं, आमच्या पिराला लागतं. दोगांनी त्या दुकानाकडं पाठ फिरवली तर?”

“तर शेट सोताच तेलाचा बुधला घेऊन दारात येईल,” आबाजी हसले.

तसंच ठरलं. दुकानदाराला सांगितलं, खरं माप मान्य कर, नाहीतर तेलासाठी दुसरं दुकान आहे. मग माझ्यासाठी वाडीनं शिवणीचं लाकूड दिलं, मंडळानं सुताराची मजुरी दिली आणि दाऊदमियाँनी आपल्या गाडीच्या चाकाची जुनी लोखंडी धाव कापून माझ्या तोंडाला कडं म्हणून बसवून घेतली. एक महिना देवळात, एक दर्ग्यात, एक वाडीत, अशी मी पाळीनं राहायची. बाजाराच्या दिवशी मात्र देवळापुढच्या पारावर.

पहिल्यांदा माझ्यात तांदूळ ओतला तो वाडीच्या चिंधीनं. तिच्या पाठीशी झोळीत तिची लेक भागी झोपलेली होती. दुकानातून भरून आणलेली ‘पायली’ माझ्यात चार बोटं कमी भरली.

दाऊदमियाँ दुकानाकडे बघून म्हणाले, “शेटजी, पायलीची भूक ऱ्हायलीय बगा.”

सगळा पार हसला. शेटनं मुकाट्यानं उरलेला तांदूळ धाडला. चिंधीनं माझ्या कड्यावरून हात फिरवला, लेकराच्या डोक्यावरून फिरवावा तसा. तेवढं कौतुक मला जन्मभर पुरलं असतं.

मग मानमोडीची, तापाची साथ आली आणि आबाजी गेले.

मंडळी फार रडली. आबाजींचा धाकटा भाऊ नामा म्हणाला, “दादाचा हात लागलेली वस्तू हाय. उन्हात नको.” त्यानं मला गाभाऱ्यात नेऊन ठेवलं. मग कुणी फूल वाहिलं, कुणी शेंदूर लावला. कुणाच्या मनात वाईट नव्हतं हो. माया होती, आणि तिनंच माझा घात केला.

दर्ग्याची पाळी आली तेव्हा दाऊदमियाँ मला न्यायला आले.

“चाचा, ती आता पूजेत हाय. भायेर कशी काढू?” नामा म्हणाला.

“पोटासाठी केली होती रं आपण तिला.”

“तुमी भायरूनच दर्शन घ्या.”

दाऊदमियाँ आल्या पावली परत गेले. पुन्हा आले नाहीत. देवळाचं तेल त्याच दुकानातून येत राहिलं. बुटकं मापही पुन्हा बाहेर आलं.

त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला. चिंधी पायरीशी आली. वाडीच्या माणसांना आत यायची मुभा नव्हती.

“नामादादा, पायली दे ना रं भायेर. येवढंच मोजून बगते.”

“देव हाय गं तो आता. तितूनच पाया पड.”

ती पाया पडली. डोळे मिटून म्हणाली, “देवा, माप पुरं पडू दे.”

तिच्या पदरातला तांदूळ किती अपुरा आहे, ते मला नुसत्या नजरेनं कळत होतं. सांगणार कशी? दर बाजाराला भागीचं रडणं बारीक होत गेलं. आई मात्र झोळी सारखी चाचपायची, लेक आहे ना म्हणून.

एका बाजाराला तिच्या पाठीशी झोळी नव्हती.

तरी ती पायरीशी थांबली. पदराची गाठ सोडून तिनं मूठभर तांदूळ पायरीवर ठेवला. माझ्यासाठी. “काय चुकलं आसंल तर पदरात घे,” म्हणाली आणि वाडीच्या वाटेला लागली.

मित्रांनो, ती मूठ अजून माझ्यापुढे आहे असं वाटतं. तुम्ही इथे आलात तर हात जोडू नका. मला खाली उतरवा, शेंदूर पुसा, पारावर नेऊन ठेवा. आणि कुणाची आई तांदूळ घेऊन आली, तर तो माझ्यात ओतू द्या.