कृणालच्या हाताचा गुण

मी दुखण्यावरच्या गोळ्यांची डबी. लहान मुलांच्या हाती लागू नये म्हणून माझं झाकण दाबल्याशिवाय उघडत नाही. सतरा वर्षांच्या मुलाचा विचार कुणी केलाच नव्हता.

मालाडच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यात मला हरेश्वरसाठी आणलं. कॅन्सर त्याच्या हाडांत उतरला होता. पहिली गोळी मुलाने, कृणालने भरवली आणि हरेश्वर शांत झोपला. झालं! त्याच्या बायकोने, पार्वतीने गल्लीभर सांगितलं, "आमच्या कृणालच्या हाताला गुण हाय." गुण माझ्या पोटातल्या गोळीचा, नाव पोराच्या हाताचं! तेव्हापासून मला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, असंच ठरलं.

बारावीचं टेन्शन म्हणून कृणालने एक गोळी स्वतः खाल्ली. मग रोजच. मग क्लासच्या दोस्तांनाही वाटल्या. "औषधच आहे ना यार, ड्रग्ज थोडीच आहे!" मी रिकामी होत आले, तेव्हा त्याने आईच्या चघळायच्या कॅल्शियमच्या गोळ्या माझ्यात भरल्या.

हरेश्वर ओरडू लागला. जाळी ओढून घट्टे पडलेल्या हातांनी पलंगाची कड धरायचा, उशी चावायचा. पार्वती रडत म्हणायची, "अजून एक दे रे, तुझ्याच हातानं." तो द्यायचा. हात जरा म्हणून कापत नसे मेल्याचा.

एकदा हरेश्वरने गोळी जिभेवर घोळवली आणि मुलाच्या तारवटलेल्या डोळ्यांकडे पाहिलं. "गोड लागते रं," एवढंच म्हणाला आणि गिळली. शेजारची चंपा विचारपूस करायला आली. तिच्या नवऱ्याचंही हेच दुखणं नुकतंच निघालं होतं. तिच्यासमोर हरेश्वर घाम पुसत म्हणाला, "पोराच्या हातची गोळी घेतली का बरं वाटतं." मुलाची अब्रू झाकली, असं त्याला वाटलं.

तो गेला, तो किंचाळतच गेला.

आता मी त्याच्या हार घातलेल्या फोटोशेजारी फळीवर आहे. बारावं उरकलं आणि चंपा आली. पदराआडून तिने माझ्यासारखीच एक डबी काढली, तोंडापर्यंत भरलेली. "कृणाल, आमच्या मालकाला तूच भरवत जा बाबा. हरेश्वरभाऊच सांगून गेले."

अगं बाई, ती परत घे. तुझ्या नवऱ्याला तुझ्याच हाताने दे. पण डबीचं कोण ऐकतो?

कृणालने हात पुढे केला. या वेळी तो थरथरत होता.

"बापाची आठवण झाली पोराला," पार्वती म्हणाली आणि तिने डोळे पुसले.