तुळसाबाईंच्या बांधीतली नळी

मी नळी आहे, पण माझ्यातून पाणी वाहत नाही. फूटभर लांबीची, खालच्या अंगाला भोकं पाडलेली मी धानाच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या खाचरात, उभी पुरलेली असते. जमिनीतलं पाणी भोकांतून माझ्यात येतं. माझा तळ कोरडा दिसला की मोटर लावायची, एरवी विहिरीचं पाणी राखायचं. पावसाचा भरवसा उरला नाही म्हणून सरकारने मला फुकट वाटलं.

खैरलांजीजवळच्या गावात कृषी खात्याच्या साहेबांनी मला मंजुषाच्या हाती दिलं. तिचा नवरा नागपूरला कामाला, शेती तीच पाहते. साहेब समजावत होते तेव्हा तिची सासू तुळसाबाई सगळ्यांसाठी चहा करत होती. तिला कोणी बोलावलं नाही. या बांधीवर दोघींचं वर्षाचं खाणं, त्यामुळे मला जबाबदारीचं ओझं वाटत होतं.

रोवणा संपला, धानाची रोपं लागली आणि मंजुषाने मला धुऱ्यालगत, बांधाच्या कडेला पुरलं. तुळसाबाईने मला कुंकू लावलं. मी खुळी, सुखावले. चिखलाने माझी भोकं बुजलीत, याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

पोळा झाला आणि पाऊस गेला तो गेलाच. धान निसवायला, लोंब्या बाहेर पडायला आलेलं, पाणी हवं ते नेमकं तेव्हाच. मंजुषा रोज दुपारी धुऱ्यावरून माझ्यात डोकावायची, पाणी दिसलं की निर्धास्त परत जायची. मी खोटं सांगत होते आणि मला तोंड नव्हतं.

आठव्या दिवशी ती निंदायला आत उतरली. पायाखाली भेगा होत्या. तिने माझ्यात हात घातला, मनगटापर्यंत पाणी. ती चक्रावली. दुसऱ्या दिवशी सकाळीच आली, तर तुळसाबाई माझ्यात लोटा रिकामा करत होती, आणि भोकं बुजल्यामुळे ते पाणी माझ्यातच अडून राहत होतं.

"आत्याबाई, हे काय करून राह्यल्या?"

"रोजच त घालून राह्यली. तूच त म्हणे, इच्यात पाणी दिसलं म्हणजे धान जगते."

मंजुषा तशीच विहिरीकडे धावली. तिने मोटर लावली. बांधीचा खालचा भाग वाचला. वरच्या भागातल्या लोंब्या पोचट निघाल्या.

कापणीला तुळसाबाईने एक लोंबी तळहातावर चोळली आणि नुसता कोंडा उडाला. "माह्याच हातानं झालं," ती म्हणाली.

"नाही, आत्याबाई. मीच तुमाले नीट सांगतलं नाही."

आता मी पडवीत कोपऱ्यात पडून आहे. परवा तुळसाबाईने मला मांडीवर घेतलं आणि खराट्याच्या काडीने एकेक भोक मोकळं केलं. डोळ्यांना नीट दिसत नाही, म्हणून बोटाने चाचपून पाहत होती. मला फार भरून आलं.

मला फुकट वाटणाऱ्या साहेबांनो, पुढच्या वेळी चहा करणारीलाही जवळ बसवा. आणि तुळसाबाई, यंदा मला पुरशील तेव्हा कुंकू लाव, हवं तर. पण लोटा धानाच्या मुळाशी ओत. मला पुन्हा खोटं बोलायला लावू नकोस, माय.