खालच्या चौकटीतलं नाव

रविवारी सकाळी आत्या खिडकीशी चाकाच्या खुर्चीत बसून डाव्या हाताने शेंगा सोलत होत्या आणि भाची त्यांच्या पायाशी फरशीवर बसून त्याच हाताची मापं घ्यायला बघत होती. शेंगा की मापं, यावर दोघींची मघापासून हुज्जत चालली होती. तळहाताची मापं घ्यायची ही तेविसावी वेळ होती.

"हलू नकोस गं आत्या. अर्ध्या मिलिमीटरने चुकलं."

"हात आहे माझा, नकाशा नाही. थोडा हलणारच."

भाचीला सगळे मिली म्हणत. शहराबाहेरच्या कारखान्यात दवाखान्यातल्या खाटा आणि चाकाच्या खुर्च्या बनत, आणि तिथे संगणकावर वस्तूंची आखणी शिकायला ती आणि तिचा थोरला भाऊ असे दोघेही शिकाऊ म्हणून लागले होते. बाकीची मुलं 'चालतंय की' म्हणून मोकळी होत, तिथे ही बया अर्ध्या मिलिमीटरसाठी अडून बसे. मग कुणीतरी तिला मिलिमीटर म्हणायला लागलं आणि त्याची मिली झाली. घरानेही ते नाव बिनतक्रार उचललं.

तीन वर्षांपूर्वी आत्यांची उजवी बाजू लुळी पडली. खुर्चीला दोन चाकं, दोन चाकांना दोन ब्रेक, आणि आत्यांकडे चालणारा हात एकच. मागच्या वर्षी दवाखान्याच्या उतारावर त्यांनी डावा ब्रेक ओढला, उजव्यापर्यंत हात पोचेना, खुर्ची गर्रकन फिरली आणि त्या भिंतीवर आदळल्या. कपाळाला टेंगूळ आलं एवढंच, असं त्या सगळ्यांना हसून सांगत राहिल्या. मिलीला मात्र हसू आलं नाही. त्या दिवसापासून ती एका दांडीच्या मागे लागली होती. दांडी डाव्या बाजूला, बोटांनी पकडायची गरज नाही, तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने नुसती दाबली की बैठकीखालून गेलेली तार दोन्ही चाकं एकदम धरेल.

ऐकायला हे सोपं वाटतं. त्यापायी मिलीच्या नाकीनऊ आले होते. एक दांडी मनगटाला टोचली, एक अर्ध्यातच अडकली, एक आत्यांच्या पदरात गुंतली. प्रत्येक वेळी ती संगणकावर आकृती बदलायची, कारखान्यातल्या छोट्या यंत्रावर प्लास्टिकचा नमुना छापून आणायची आणि आत्यांपुढे ठेवायची. आणि आत्या खरं सांगत. "टोचतंय" म्हणायला त्या कधी कचरल्या नाहीत.

घरात संगणक एकच होता. वडिलांनी तो मुलासाठी घेतला होता, त्यामुळे तो मुलाच्याच नावाने उघडे. मुलीचं वेगळं नाव घालायला दोन मिनिटं लागली असती, पण तशी गरज कुणाला वाटलीच नाही. आकृतीच्या, म्हणजे नकाशाच्या, खालच्या कोपऱ्यात एक चौकट असते, आणि तिच्यात 'आरेखन' या शब्दापुढे काम करणाऱ्याचं नाव संगणक आपणहून छापतो. मिलीच्या प्रत्येक नकाशावर भावाचं नाव येई. ती त्याचीही चेष्टा करायची. दादा झोपेतसुद्धा किती काम करतो बघ, म्हणायची.

आत्यांना हे ऐकून हसू यायचं नाही, कारण ती चौकट त्यांच्या ओळखीची होती.

मिलीचे वडील, म्हणजे आत्यांचे धाकटे भाऊ, आयुष्यभर नकाशे काढून आता निवृत्त झाले होते. ते शिकत होते तेव्हा संगणक नव्हते. पारदर्शक कागदावर शाईने रेघ ओढायची, आणि भाऊंची रेघ थरथरायची. अक्काचा, म्हणजे आत्यांचा, हात मात्र स्थिर. भावाच्या शेजारी बसून बघता बघता ती सगळं शिकली होती. शेवटच्या परीक्षेला घरून करून द्यायचे सात नकाशे अक्काने काढले आणि भाऊंनी खाली सही केली. आई म्हणाली होती, नाव घरातच राहतंय ना. भाऊंना नोकरी लागली. अक्कांचं लग्न जुळलं नाही. पुढे भावजय चार वर्षांच्या मिलीला मागे ठेवून वारली आणि अक्का या दोन मुलांची आई झाल्या. त्या सात नकाशांबद्दल भावाबहिणीत पुन्हा कधी एक अक्षरही निघालं नाही. मुलांना तर त्याचा पत्ताच नव्हता.

त्याच रविवारी दुपारी, पानं वाढून झाल्यावर, भाऊंनी विषय काढला. कारखान्याने यंदापासून उत्कृष्ट शिकाऊ निवडायचं ठरवलं होतं. प्रत्येकाने आपलं एक काम द्यायचं, ते कुणाचं आहे आणि मदत कुणी केली हे सहीनिशी लिहून द्यायचं. जो निवडला जाईल त्याला आखणी विभागात कायमची जागा. जागा एकच, बाकीच्यांना रामराम. मुलाने रुग्णाच्या खाटेला लावायचा एक ट्रे केला होता. त्यावर पाण्याचा पेला ठेवला की ट्रेच मान टाकायचा. हे मुलालाही ठाऊक होतं, म्हणून तो ताटातून डोळे वर करत नव्हता.

भाऊ ओरडले नाहीत की धमकावलं नाही. अशा घरांत ओरडावं लागतच नाही. मिलीची दांडी मुलाच्या नावाने द्यावी, असं ते समजावून सांगत होते. मिली उद्या लग्न होऊन जाईल, याला घर चालवायचंय. एकाच घरातली दोघं एकमेकांविरुद्ध उभी राहिली तर लोक तोंडात शेण घालतील. आणि यात खोटं तरी काय आहे, चौकटीत नाव याचंच आहे. मिलीने मदतनीस म्हणून सही करावी, म्हणजे तिचंही नाव आलंच.

मिली भावाकडे वळली. तो आमटीत भात कालवत राहिला. वडिलांशी तिने वाद घातला नाही. हातातला घास तसाच ठेवून ती आत्यांकडे बघत राहिली.

"आत्या, तू सांग. तू म्हणशील तसं."

आत्यांजवळ बोलण्यासारखं खूप होतं, सात नकाशांइतकं होतं. पण आपण भावाच्या घरी राहतो, आपल्याला आंघोळीला उठवायलाही माणूस लागतं, हे त्यांच्या मनात आधी आलं. आणि तोंडातून आईचं वाक्य आपसूक बाहेर पडलं.

"नाव घरातच राहतंय ना, बाळा."

मिलीने मान हलवली आणि उरलेलं जेवण जेवली. दुसऱ्या दिवशी तिने सही केली. विभागाच्या प्रमुख बाईंनी तिला बोलावून विचारलं, तुझा स्वतःचा अर्ज कोरा कसा? काही सुचलं नाही, असं ती म्हणाली. अर्ध्या मिलिमीटरसाठी भांडणाऱ्या मुलीला काही सुचलं नाही, यावर बाईंचा विश्वास बसेना, पण हातात तिची सही होती.

पुढच्या दोन महिन्यांत घरात कुणी कुणाशी भांडलं नाही. मिली आत्यांना आंघोळ घालायची, केस विंचरायची, औषध द्यायची, फक्त मापं घ्यायला बसायची नाही. दांडी कारखान्यात तयार होऊन खुर्चीला लागली, झकास चालायला लागली, आणि मिलीने ती एकदाही दाबून पाहिली नाही. शिकाऊपण संपलं तशी ती चौकातल्या छपाईच्या दुकानात लागली. लोक पेनड्राइव्ह आणून देत, ती कागद छापून देई. माप चुकलंय हे दिसलं तरी गिऱ्हाइकाला सांगायचं नाही, असं मालकाने तिला बजावलं होतं. तीही सांगत नव्हती.

निवड व्हायची तशीच, भाच्याची झाली. समारंभाला आत्यांना खास बोलावणं होतं, कारण खुर्ची त्यांची आणि बसणाऱ्याही त्याच. मिलीला दुकानातून सुट्टी मिळाली नाही. तिने ती मागितली नव्हती, हे आत्यांना नंतर कळलं.

मंचावर भाच्याने दांडी दाबून दाखवली, खुर्ची जागच्या जागी थांबली, टाळ्या पडल्या. प्रमुख बाईंनी प्रमाणपत्र हातात घेतलं आणि देण्याआधी सहज विचारलं, ही दांडी वरच्या टोकाला आत वळवलीय, ती का? भाचा गडबडला. दिसायला बरी वाटते म्हणून, असं काहीतरी तो पुटपुटला.

आत्यांना उत्तर ठाऊक होतं. वयामुळे त्यांचा डावा अंगठाही पूर्ण उघडत नाही, सरळ दांडीवर तो चिरडायचा. आठव्या नमुन्याला तो सोलवटला होता आणि मिली त्यावर फुंकर घालत बसली होती. ती फुंकर आठवली आणि इतक्या वर्षांचा बांध फुटला.

"माझा अंगठा चेंगरत होता म्हणून," आत्या म्हणाल्या. "याला ते माहीत नाही, कारण हे याने केलेलं नाही. माझ्या भाचीने केलंय. सगळं तिनेच केलंय."

पहिल्या रांगेत बसलेले भाऊ जमिनीकडे बघू लागले. भाच्याने मात्र, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं, काखा वर केल्या नाहीत. हो, तिचंच आहे, असं तो सगळ्यांसमोर म्हणाला आणि मंचावरून खाली उतरला.

एखाद्याला वाटेल, आता मिलीला धावत जाऊन आणतील आणि प्रमाणपत्र तिच्या हातात देतील. तसं झालं नाही. बाईंनी सगळी चौकशी केली, वरिष्ठांशी दोन तास डोकं लावलं आणि मग आत्यांच्या खुर्चीशेजारी येऊन बसल्या. खोटं लिहून दोघांनी सह्या केल्या, तेव्हा नियमाने दोघेही बाद. आणि खोटं लिहिणाऱ्याला कारखाना पुन्हा दारात उभं करत नाही.

"अर्जाच्या आठवड्यात तुम्ही मला नुसता फोन केला असता," बाई म्हणाल्या, "तर मी स्वतः तिचं नाव लिहिलं असतं. आता हे काम माझं नाही असं तिनेच लिहून दिलंय. मी काय करू?" त्यांचे डोळे भरून आले होते.

मिली दुकानातून घरी आली तेव्हा उजेड होता. भाऊ आतल्या खोलीत दार लोटून बसले होते. आत्यांनी तिला सगळं सांगितलं. मंचावरचं सांगितलं, मग चाळीस वर्षांत कुणाला न सांगितलेले सात नकाशेही सांगितले, थरथरणारी रेघ, सही, आईचं वाक्य, सगळं. सांगता सांगता त्या रडत होत्या. आता पोरगी गळ्यात पडेल, असं त्यांना कुठेतरी वाटत होतं.

मिलीने शांतपणे ऐकून घेतलं. तिच्या बोटांना छपाईची शाई लागली होती आणि ती एकेक बोट पदराला पुसत होती.

"म्हणजे हे मनाला कसं लागतं ते तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"हो."

"बाबांना माहीत नव्हतं, दादाला नव्हतं. घरात तुला एकटीलाच माहीत होतं."

"हो बाळा."

"म्हणूनच मी त्यांना नाही विचारलं, आत्या. तुला विचारलं होतं."

पुढे आत्यांनी भावाला सुनावलं, ओळखीच्या प्रत्येक घरी फोन करून मुलींच्या कामावर मुलींचंच नाव घाला असं त्या सांगत राहिल्या, काही घरांनी ऐकलंही. हे सगळं खरं, आणि चांगलंच. पण पानावर बसलेली एक मुलगी घास ठेवून त्यांच्याकडे बघत होती, तेव्हा बोलायला एकच वाक्य पुरलं असतं, आणि ते बोलायची वेळ पुन्हा आली नाही. तुमच्या घरी आज दुपारी जेवताना कुणी तुमच्याकडे असं बघितलं का, ते जरा आठवून पाहा.