शर्टाला लटकलेलं पिल्लू

माझ्या मुलाचं वागणं सांगितलं तर लोक म्हणतील, म्हातारी काहीतरीच बोलते. चाळिशी उलटलेला बाप्या, डोक्यावरचे निम्मे केस गेलेले. कामावरून येतो, आईकडे बघत नाही, कोपरापर्यंत हात धुतो आणि मागच्या मोरीत जाऊन वटवाघळाशी बोबडं बोलतो. दिवसभर मी भिंतींशी बोलून थकलेली. माझ्याशी दोन शब्द बोलायचं याच्या जिवावर येतं, आणि तिथं आपलं, "आलो हं, आलो. भूक लागली का माझ्या राजाला?" एकदा मी स्वयंपाकघरातून ओरडले, "हो, लागली!" तर म्हणतो, "तुला नाही गं आई."

तो विजेच्या खात्यात लाइनमन आहे. फळं खाणारी वटवाघळं अंगानं मोठी असतात. एक पंख या तारेला आणि दुसरा त्या तारेला टेकला की खेळ खलास. मेलेलं तिथंच लटकून राहतं. लाइन बंद करून ते काढायचं काम याच्याकडे. विणीच्या दिवसांत पुष्कळदा आयाच सापडतात आणि त्यांच्या छातीला पिल्लू चिकटलेलं असतं, जिवंत. आई गार पडली तरी ते तोंडातलं सोडत नाही. बाकीचे लाइनमन दोघांनाही एकाच पोत्यात टाकतात. माझ्या चिरंजीवांनी पहिलं पिल्लू डब्याच्या पिशवीतून घरी आणलं आणि डबा खांबाखाली विसरून आले. चांगला जाड स्टीलचा डबा होता.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला सगळं शिकवलं. आधी त्याला स्वतःला रेबीजची इंजेक्शनं घ्यायला लावली. हातमोज्याशिवाय शिवायचं नाही म्हणून बजावलं. मला तर हात लावायचीच बंदी. मीही काही हात लावायला मरत नव्हते. पायमोज्यात कापूस भरून गुंडाळी करायची, ती पिल्लाची आई. पिल्लू तिला पोटाशी धरतं. मग ड्रॉपरनं थेंब थेंब दूध, घाईनं पाजलं तर छातीत जातं. पाजून झालं की ओल्या कापसानं पोट पुसायचं, नाहीतर ते शी करत नाही. इतकं करून निम्मी मरायचीच. सकाळी मोरीतून याचा आवाज आला नाही की मी समजायची. मग तो माझी एखादी कुंडी उकरायचा. आता माझ्या कुंड्यांत मातीपेक्षा वटवाघळं जास्त.

जी जगायची त्यांच्यासाठी एक नियम होता. पंख फडफडवायला लागलं की पिल्लू गच्चीवरच्या मोठ्या पिंजऱ्यात जायचं, बाकीच्या पिल्लांत. तिथून पुढं त्याच्याशी बोलायचं नाही, नाव ठेवायचं नाही, अंगावर घ्यायचं नाही. ओळखायला नखाला नेलपॉलिशचा ठिपका लावायचा, बस. फळाच्या फोडी पडद्यामागून टांगायच्या, म्हणजे देणारा हात दिसत नाही. माणूस आपला वाटला की ते माणसाकडे जाणार, आणि माणूस काही त्याला मांडीवर घेणार नाही. हा नियम माझा मुलगा येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा. दूधवाल्याला ऐकवला होता.

यंदा एक पिल्लू आलं, मुठीएवढं. पंखाच्या कातडीला भाजून भोक पडलेलं. ते पायमोज्याला धरीना. याच्या शर्टाच्या बटणाला मात्र असं धरलं की सोडवता सोडवेना. झालं. त्याचं नाव 'बटण' पडलं.

"नाव ठेवलंस?" मी विचारलं.

"नाव नाही गं ते. नुसती खूण."

"मग ते खुणेचं नेलपॉलिश काय मी लावून बसू?"

हसला आणि मोरीत गेला. बाकीची पिल्लं गच्चीवर गेली तरी बटण याच्या शर्टात. जेवताना शर्टात, पेपर वाचताना शर्टात. विचारलं की म्हणायचा, भोक भरू दे. भोक भरलं. मग म्हणाला, जरा अंग धरू दे. अंगही धरलं. डॉक्टरीणबाईंनी फोनवर खडसावलं तेव्हा कुठं त्यानं ते पिंजऱ्यात सोडलं. बाकीची एका कोपऱ्यात एकमेकांना बिलगून लटकायची. बटण जवळ गेलं की किंचाळून त्याला हाकलायची. ते पडद्याला लटकून बसायचं, ज्या बाजूनं याची पावलं वाजतात त्या बाजूला. मी सांगितलं, "हे उडेल, पण जाणार नाही." तर म्हणाला, "तुला काय कळतं त्यातलं?"

एका संध्याकाळी उजेड असतानाच त्यानं पिंजऱ्याचं छप्पर उघडलं. अंधारायला लागल्यावर बाकीची एकेक करून कारखान्यामागच्या झाडांकडे गेली, तिथं त्यांची जात राहते. बटणही गेलं. माझा लेक कठड्याला धरून लहान पोरासारखा रडला. मलाही वाटलं, सुटलो बाई. तेवढ्यात ते माघारी आलं आणि याच्या छातीवर बसलं.

"बघ आई, घर ओळखतं!"

त्याचं तोंड असं फुललं होतं की मी काही बोलले नाही.

पुढच्याच संध्याकाळी याला कामावर उशीर झाला. बटण झाडांकडून गच्चीवर येऊन याला शोधून गेलं असणार. समोरच्या इमारतीत एक माणूस गॅलरीत उभा होता, ऑफिसातून आलेला, शर्ट न बदललेला. बटण गेलं आणि त्याच्या छातीला बिलगलं. तो केवढ्यानं ओरडला! त्याच्या मानेला नखं लागली. त्यानं ओढून खाली आपटलं आणि चपलेनं हाणलं. त्याला सगळी इंजेक्शनं घ्यावी लागली. त्याची बायको तर अजून गॅलरीत येत नाही.

माझा लेक आला तसा धावत खाली जाऊन बटणाला खोक्यात घालून घेऊन आला. मी ते खोकं मांडीवर घेऊन त्याच्या स्कूटरवर मागं बसले. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पंख उघडला. हाड मधोमध मोडून कातडीबाहेर आलं होतं.

"हे जुळणार नाही," त्या म्हणाल्या. "सडेल आणि दुखत राहील. झोपवूया."

"मी ठेवतो ना. पिंजऱ्यात. जन्मभर करीन त्याचं."

"कुणासाठी? त्याच्यासाठी की तुमच्यासाठी?"

सुई टोचताना त्यानंच धरलं. त्याही अवस्थेत ते मोडका पंख ओढत त्याच्या शर्टाकडे सरकत होतं. मग सरकायचं थांबलं.

घरी आल्यावर यानं कुंडी उकरली नाही. खोकं मांडीवर ठेवून मोरीच्या उंबऱ्यावर बसला आणि समोरच्या माणसाला शिव्या द्यायला लागला. राक्षस म्हणाला, कसाई म्हणाला. मी त्याच्यासमोर स्टूल ओढून बसले.

"त्याला एक शब्द बोलू नकोस. अंधारात अंगावर असलं काही आलं तर मीही चप्पल काढली असती. माणसाच्या छातीला बिलगायला त्याला कोणी शिकवलं? तू. सगळ्या गावाला नियम सांगणारा तू. तुला पिल्लू जगवायचं नव्हतं रे, तुला आपलं कोणीतरी हवं होतं. हे काम तुझं नाही. उद्या तो पिंजरा मोड. पुढचं पिल्लू सापडलं तर या घरात आणायचं नाही."

"डॉक्टरीणबाईंकडे जागा नाही, आई. मी नाही केलं तर कोण करणार?"

"कोणी नाही," मी म्हणाले. "मरतील. पण तुझ्या हातून मरणार नाहीत."