रबराचा हात

मी एक जुना हात आहे. कुणाचा, असं विचाराल तर कुणाचाच नाही. माझ्यामागे ना खांदा, ना माणूस. नुसता एक लांब दांडा. हसू नका मित्रांनो, माझी गोष्ट हसण्यासारखी नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. बोटं, नखं, तळव्यावरच्या रेषा, सगळं झकास. आयुष्याची रेषा तर अशी लांबलचक की बघत राहावं! पुष्कळ वर्षं मी एका दुकानाच्या काचेत हातमोजे घालून उभा होतो. दुकान बुडालं आणि मी भंगारात गेलो. तिथून मला ताईंनी उचललं. बेवारस कुत्र्यांच्या निवाऱ्यात बिथरलेल्या कुत्र्यांना माणसाळवणं हे ताईंचं काम. मला दांड्याला करकचून बांधत त्या म्हणाल्या, "चला, आजपासून चावे तुम्ही खायचे."

काही कुत्री उपाशीपोटी वाढलेली असतात. खाताना हात जवळ आला की त्यांना वाटतं, आला घास हिरावायला. मग ती चावतात. चावणारं कुत्रं कोण घरी नेणार? म्हणून ताई मला लांबून भांड्याशी नेत आणि माझ्या बोटांत अडकवलेला मांसाचा तुकडा आत पाडत. हात घ्यायला नाही, द्यायला येतो, एवढंच शिकवायचं. 'एवढंच' म्हणायला काय जातंय! माझी पार चाळण झाली.

अशात चिंगूस आला. हे नाव झाडलोट करणाऱ्या मामांनी ठेवलं, कारण तो रिकामं भांडंसुद्धा सोडत नसे. अंगावर मूठभर मांस नाही, पण पहिल्याच दिवशी त्याने माझी करंगळी मुळासकट उपटली.

"ताई, ह्याच्यापुढे हात टेका आता," मामा म्हणाले.

"रोज टेकतेच आहे की," ताई म्हणाल्या.

आणि खरंच, रोज टेकला. कितीतरी दिवस तो माझ्यावर नुसता गुरगुरला. मग गुरगुरणं थांबलं. मग शेपूट हलायला लागली. एक दिवस तर जेवण झाल्यावर त्याने हनुवटी माझ्या तळव्यावर ठेवली आणि डोळे मिटले. मी रबराचा खरा, पण सुखावलो हो! माझ्यावर इतका भरवसा कुणी टाकला नव्हता.

आता ताईंनी स्वतःचा हात पुढे करायची वेळ आली. आधी सावधगिरी म्हणून त्यांनी जाड रबरी मोजे घातले. चिंगूसने हुंगलं आणि शेपूट हलवली. "शिकला गं बाई माझा राजा!" ताईंचे डोळे भरून आले. मोजे नंतर काढायचे ठरले होते. पण पिंजरे खच्चून भरलेले, आणि निवाऱ्याचे साहेब जागेसाठी मागे लागलेले. त्यातच एक शिंपीकाका आणि काकू आले. चिंगूसने काकांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं आणि काका विरघळले. त्याच दिवशी तो त्यांच्या घरी गेला.

मी मनातल्या मनात ओरडत होतो, ताई, तो माणसाला नाही, रबराच्या वासाला शिकलाय! पण हाताला तोंड कुठलं?

थोड्याच दिवसांत काका-काकू त्याला घेऊन परतले. काकांच्या अंगठ्याला हे एवढं बँडेज. "पायात येत होतं म्हणून भांडं जरा सरकवलं हो," काका म्हणाले. काकूंना रडू आवरेना. "ह्यांच्या हातावर आमचं पोट आहे, ताई. नाहीतर परत आणला नसता."

"मी मोजे काढलेच नाहीत," ताई एवढंच म्हणाल्या.

माणसाला चावलेल्या कुत्र्याला पुन्हा घर नाही, आणि ठेवायला जागाही नाही, असा तिथला नियम. ताई भांडल्या. "चूक माझी आहे, त्याची नाही. मला थोडे दिवस द्या." साहेब काही दुष्ट नव्हते. ते खालच्या आवाजात म्हणाले, "पुढचा अंगठा कुणाचा जाईल, सांगता येतं का तुम्हाला?"

डॉक्टर शेवटची सुई घेऊन आले. चिंगूस कोपऱ्यात थरथरत होता, कुणाला जवळ येऊ देत नव्हता. ताईंनी उघडा हात पुढे केला, तर त्याने दात दाखवले. शेवटी त्यांनी मला उचललं.

मला बघून त्याची शेपूट हलली. तो उठून आला. माझ्या बोटांतला तुकडा त्याने खाल्ला आणि हनुवटी माझ्या तळव्यावर ठेवली. ताईंनी दांडा घट्ट धरून ठेवला, म्हणून मीही हललो नाही. डॉक्टरांनी मागून त्यांचं काम केलं. माझ्यावरचं डोकं हळूहळू जड होत गेलं. मला त्याला साधं थोपटताही आलं नाही.

त्यानंतर ताई कामावर आल्या नाहीत. मी कपाटामागे पडून आहे.

मित्रांनो, तुमचे हात खरे आहेत. एखादा घाबरलेला जीव तुमच्या दारी आला, तर घाई करू नका. उशीर लागला तरी चालेल, पण ओळख आपल्या हाताचीच करून द्या. चिंगूस तीही शिकला असता. त्याला आणखी थोडे दिवस हवे होते, इतकंच.